गुण कशाला द्यायचे?

विद्यापीठाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये एक जुनी मोटार उभी असते. मागे थोडं अंतर राखून, किंचित रस्त्याच्या बाजूला सरकून दुसरी गाडी थांबते आणि तिच्यातून सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी उतरते. अंगावर गणवेश, कमरेला जाड पट्टा, पट्ट्यात वायरलेस, बेड्या आणि खोटं पिस्तूल. उतरण्याआधीच तिनं पुढच्या गाडीचा नंबर, रंग आणि ठिकाण वायरलेसवर कळवलेलं असतं. चालता चालता ती डिकीच्या झाकणावर तळहात दाबून बघते. झाकण नीट बंद आहे, आत कुणी दबा धरून बसलेलं नाही, एवढी खात्री त्यातून होते. ड्रायव्हरच्या दारापुढे ती जात नाही. पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधल्या खांबाआड थांबते. त्यामुळे तिच्याकडे बघायला ड्रायव्हरला मान वळवावी लागते आणि तिला मात्र त्याचे दोन्ही हात सतत दिसत राहतात. तिचा जोडीदार गाडीच्या दुसऱ्या अंगानं पुढे सरकलेला असतो. तो काही बोलत नाही, फक्त बघतो.

आणखी एक जण तिथे असतो. त्याच्या हातात पॅड आणि पेन. तोही काही बोलत नाही. तो गुण मांडत असतो.

गाडीतला ड्रायव्हर हा खरा पोलीस असतो, आज तो भूमिका करतोय. तो दारू प्यायलेला असेल, बायकोला दवाखान्यात न्यायच्या घाईत असेल, नुसताच तोंडाळ असेल किंवा सीटखाली हत्यार लपवलेला फरारी असेल. मुलीला यातलं काहीच सांगितलेलं नसतं. चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं असतं की गाडीचा मागचा दिवा बंद आहे. पुढच्या दहा-बारा मिनिटांत ती काय बघते, काय विचारते, आवाज किती चढवते आणि हात कशाकडे नेते, यावर तिच्या तुकडीचा निकाल ठरतो.

अमेरिकेत हा खेळ हजारो मुलं-मुली खेळतात. ‘लॉ एन्फोर्समेंट एक्सप्लोरिंग’ हे त्याचं नाव. स्काउट संघटनेच्या ‘एक्सप्लोरिंग’ या व्यवसाय-ओळख उपक्रमाची ही पोलिसी शाखा. 1998 पासून ती ‘लर्निंग फॉर लाइफ’ या स्काउटांच्याच संलग्न संस्थेमार्फत चालते. वय 14 ते 20. गावोगावच्या पोलीस ठाण्यांनी, शेरीफच्या कार्यालयांनी, सीमा सुरक्षा दलानं या मुलांची एकेक तुकडी दत्तक घेतलेली असते. तिला ‘पोस्ट’ म्हणतात. 2009 साली या शाखेत सुमारे 35 हजार मुलं होती. आठवड्यातून एक संध्याकाळ सराव आणि वर्षातून एकदा-दोनदा स्पर्धा. मिनेसोटाच्या तुकड्या रॉचेस्टरला जमतात, टेनेसीत हिवाळ्यात गॅटलिनबर्गला मेळावा भरतो. अ‍ॅरिझोनात चँडलर पोलिसांची स्पर्धा अनेक वर्षं ‘रॉहाइड’ नावाच्या, जुन्या पश्चिमेचा देखावा उभारलेल्या करमणूक-गावात होत आली. दर दोन वर्षांनी राष्ट्रीय संमेलन भरतं, तेही कुठल्या तरी विद्यापीठाच्या आवारात. उन्हाळ्याच्या सुटीत वसतिगृहं रिकामी असतात आणि पोरांना राहायला खोल्या मिळतात.

स्पर्धेचे प्रकार ठरलेले आहेत. गाडी थांबवणं, घरगुती भांडण, घटनास्थळाची तपासणी, अपघाताचा तपास, अटक आणि अंगझडती, बॉम्बची धमकी, ओलीस प्रकरणातली बोलणी, प्रथमोपचार, आर्थिक गुन्हा, शाळेत किंवा कार्यालयात शिरलेला बंदूकधारी आणि ‘गोळी झाडायची की नाही’. प्रत्येकाची गुणपत्रिका वेगळी आणि त्यावरचे रकाने बारीक. हे रकाने कुठून आले, हा प्रश्न मुलांना सहसा पडत नाही. खरं तर यातल्या जवळजवळ प्रत्येक रकान्यामागे कुणाचा तरी मृत्यू आहे.

गाडी थांबवण्याच्या प्रसंगाचा एक कडक अवतार आहे. त्यात गाडीतल्या लोकांकडे हत्यार असल्याची खबर असते. पोलीस जवळ जातच नाहीत. आपल्या गाडीच्या आडोशाला राहून एकेकाला मोठ्यानं हुकूम देतात: हात बाहेर काढ, दार बाहेरून उघड, पाठमोरा चालत ये. ही पद्धत अमेरिकाभर रुजली ती एप्रिल 1970 मधल्या एका रात्रीनंतर. कॅलिफोर्नियात न्यूहॉल इथे महामार्ग पोलिसांचे चार तरुण शिपाई पाच मिनिटांच्या आत मारले गेले. त्यानंतर प्रशिक्षणाची पुस्तकं नव्यानं लिहिली गेली.

एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं नुसतं लक्ष ठेवायचं, हा नियम सॅन डिएगोचा. सप्टेंबर 1984 मध्ये तिथल्या एका बागेत साध्या चौकशीच्या वेळी दोन पोलीस ठार झाले. बोलणारा आणि राखणारा वेगळा असावा, ही शिस्त त्यातून बांधली गेली. पार्किंगमधल्या त्या मुलीचा जोडीदार गप्प उभा असतो तो या शिस्तीमुळे. त्यानं मध्येच तोंड उघडलं, तर गुण जातात.

ओलीस प्रकरणाची कथा न्यूयॉर्कची. 1972 मध्ये म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं गेलं आणि सुटकेचा प्रयत्न रक्तपातात संपला. पुढच्याच जानेवारीत ब्रुकलिनमधल्या क्रीडासाहित्याच्या एका दुकानात दरोडेखोरांनी लोकांना कोंडून धरलं. सत्तेचाळीस तास तो वेढा चालला. त्या वर्षी हार्वे श्लॉसबर्ग या मानसशास्त्र शिकलेल्या डिटेक्टिव्हनं आणि फ्रँक बोल्झ या अधिकाऱ्यानं बोलणी करणाऱ्या पोलिसांचं पहिलं पथक घडवलं. घाई करायची नाही, वेळ आपल्या बाजूनं असतो, हे त्यांचं मुख्य सूत्र.

स्पर्धेत या प्रसंगाला ना दार फोडायचं असतं, ना पळायचं. एक खोली, एक टेबल, एक फोन. एक मुलगा बोलतो. दुसरा शेजारी बसून चिठ्ठ्या सरकवतो: ‘मुलीचं नाव घे’, ‘हळू’, ‘पाणी विचार’. तिसरी मुलगी भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर वेळ घालून प्रत्येक मागणी आणि प्रत्येक आश्वासन लिहीत जाते. पलीकडच्या खोलीतला अधिकारी फोनवर ओरडतो, रडतो, फोन आपटतो. बोलणाऱ्या मुलानं ‘का केलंस?’ असं विचारलं की पलीकडचा माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. ‘फार त्रास झालेला दिसतोय तुम्हाला’ म्हटलं की तो थबकतो. सोळा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याची बाजू ऐकून घ्यायला लावणारा याहून चांगला खेळ क्वचितच सापडेल. संपूर्ण स्पर्धेत मोलाचं काय, असं विचारलं तर बोट पहिल्यांदा या टेबलाकडे दाखवावं लागेल.

घटनास्थळाच्या प्रसंगातही असंच शहाणपण आहे. खोलीत शिरायचा आणि बाहेर पडायचा एकच मार्ग ठरवायचा. कोण आत गेलं, कधी गेलं याची नोंद दारावर ठेवायची. वस्तूला हात लावण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा. रक्त लागलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबणारी तुकडी तिथेच गुण गमावते. प्लास्टिकमध्ये दमटपणा राहतो, पुरावा कुजतो, म्हणून कागदी पिशवी घ्यायची. अपघाताच्या तपासात मुलं टेप घेऊन रस्त्यावर रांगतात. घासल्याच्या खुणेची लांबी फुटांत मोजायची, तिला 30 नं आणि रस्त्याच्या घर्षणाच्या आकड्यानं गुणायचं, वर्गमूळ काढायचं. शंभर फुटांची खूण आणि 0.7 घर्षण असेल तर गाडी ताशी किमान 45 मैलांच्या पुढे होती, हे समजतं. वर्गात रटाळ वाटलेलं वर्गमूळ इथे साक्षीदाराचं काम करतं.

बॉम्बची धमकी, आर्थिक गुन्हा आणि प्रथमोपचार यांत नाट्य कमी असल्यामुळे प्रेक्षकही कमी.

मुलांची खरी झुंबड उडते ती बंदूकधाऱ्याच्या प्रसंगाला. याचंही मूळ एका तारखेत आहे. 20 एप्रिल 1999, कोलंबाइन हायस्कूल. तोवर गस्तीच्या पोलिसांना शिकवण अशी होती की इमारतीला वेढा घाला आणि विशेष पथकाची वाट बघा. त्या दिवशी वाट बघितली गेली आणि आत जखमी झालेले एक शिक्षक तासन् तास मदतीविना राहून दगावले. 12 विद्यार्थी आणि ते शिक्षक असे 13 बळी त्या दिवशी गेले. त्यानंतर शिकवण उलटी झाली: जो पहिला पोचेल त्यानं आत शिरायचं, आवाजाच्या दिशेनं जायचं, वाटेतल्या जखमींजवळ न थांबता आधी गोळीबार थांबवायचा. 2002 पासून टेक्सस स्टेट विद्यापीठातलं केंद्र हेच शिकवतं. तरीही त्याच टेक्ससमधल्या युवाल्डीत 24 मे 2022 ला 376 पोलीस जमले, 77 मिनिटं वर्गाचं दार उघडलं गेलं नाही आणि 19 मुलं, दोन शिक्षिका गेल्या. प्रसंगाचा सराव कितीही केला तरी हुकूम देणारा कोण, हे ठरलेलं नसेल तर सराव कामाला येत नाही, एवढं तरी त्यातून दिसलं.

हा इतिहास ओळीनं मांडला की एक गोष्ट ठसठशीत दिसते. गुणपत्रिकेतले बरेचसे जुने रकाने पोलिसांच्या मृत्यूंनी लिहिले. ते योग्यच आहे, ज्यांना त्या रस्त्यावर उभं राहायचंय त्यांचा जीव वाचवायला हवा. पण पोलिसांच्या हातून गेलेल्या माणसांचे रकाने फार उशिरा आले आणि अजूनही अपुरे आहेत. या स्पर्धांबद्दलचा खरा वाद तिथे आहे.

1987 मध्ये मेम्फिस शहरात मानसिक आजार असलेला एक 27 वर्षांचा तरुण हातात सुरी घेऊन उभा होता. पोलीस आले, सुरी टाकायला सांगितलं, त्यानं टाकली नाही, आणि तो मारला गेला. शहर हादरलं. पुढच्या वर्षी पोलीस, डॉक्टर आणि रुग्णांच्या नातेवाइकांची संघटना यांनी मिळून चाळीस तासांचं प्रशिक्षण आखलं. ते आज ‘मेम्फिस मॉडेल’ म्हणून ओळखलं जातं: हळू बोलायचं, अंतर वाढवायचं, एका वेळी एकच सूचना द्यायची, भास होत असतील तर त्यांची टर उडवायची नाही आणि त्यांना दुजोराही द्यायचा नाही. स्पर्धेतल्या घरगुती भांडणाच्या प्रसंगात या विचाराची सावली आहे. भांडणाऱ्या दोघांना एकमेकांच्या नजरेआड न्यायचं, पण दोन पोलिसांनी एकमेकांच्या नजरेत राहायचं. कुणालाही स्वयंपाकघरात नेऊन बोलायचं नाही, तिथे सुऱ्या असतात. घरात मूल आहे का, हे विचारायला विसरायचं नाही. निघताना बाईच्या हातात मदत-केंद्राचा पत्ता द्यायचा. पण हे शेवटचे दोन रकाने गुणपत्रिकेवर अगदी तळाशी येतात, आणि वेळ संपत आलेली असते तेव्हा मुलं नेमके तेच टाळतात.

आता ‘गोळी झाडायची की नाही’. मूल एका मोठ्या पडद्यासमोर उभं राहतं. हातात लेझरचं पिस्तूल. पडद्यावर माणूस खिशात हात घालतो. बाहेर काय येईल, हे पडद्यामागचा माणूस बटण दाबून ठरवतो: पाकीट, फोन की हत्यार. कुठे पडदा नसतो, तिथे जिवंत माणूस आणि प्लास्टिकच्या गोळ्यांचं एअरसॉफ्ट पिस्तूल असतं. प्रसंग संपल्यावर मुलाला कारण विचारतात. तू काय पाहिलंस, त्या क्षणी काय समजलास, दुसरा मार्ग होता का? ग्रॅहम विरुद्ध कॉनर या 1989 च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं बळाच्या वापराची कसोटी ठरवून दिली: त्या जागी असलेल्या समंजस पोलिसाला ते वाजवी वाटलं असतं का. सोळा वर्षांच्या मुलाला ही कसोटी तोंडानं मांडावी लागते, हा या प्रसंगाचा चांगला भाग.

वाईट भाग असा की या खेळात न झाडलेल्या गोळीची गोष्ट कुणी सांगत नाही. वसतिगृहात रात्री रंगतात त्या झाडलेल्या गोळीच्या गप्पा.

क्लीव्हलँडच्या बागेत 22 नोव्हेंबर 2014 ला बारा वर्षांचा टमीर राइस असंच एक एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. टोकाची नारिंगी खूण, जिच्यावरून खेळणं ओळखू येतं, ती निघालेली होती. कुणी तरी फोन करून कळवलं आणि ‘बहुधा खोटं असेल, बहुधा लहान मूल असेल’ हेही सांगितलं. ते शब्द गस्तीच्या गाडीपर्यंत पोचले नाहीत. गाडी थेट त्याच्या पुढ्यात येऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. पुढे कुणावर खटला उभा राहिला नाही. शहरानं कुटुंबाला 60 लाख डॉलर दिले.

या एका घटनेत स्पर्धेचे तीन प्रसंग सामावले आहेत. वायरलेसवर माहिती पूर्ण पोचवणं, गाडी लांब थांबवून अंतर आणि वेळ मिळवणं, आणि झाडण्याआधी हातातली वस्तू ओळखणं. हातात एअरसॉफ्ट घेतलेल्या प्रत्येक एक्सप्लोररला टमीरची घटना पहिल्या दिवशी शिकवायला हवी. पोलिसाच्या बाजूनं उभं राहून आणि मग त्या मुलाच्या बाजूनं उभं राहून, दोन्हीकडून. आपल्या हातातलं हत्यार आणि त्याच्या हातातलं हत्यार एकाच दुकानातलं आहे, हे ज्या मुलाला कळेल तो घाईनं चाप ओढणार नाही.

स्काउट संघटनेचा स्वतःचा नियम इथे आठवावा. कुठल्याही स्काउटनं कुणावरही बंदूक तर सोडाच, बंदुकीसारखी वस्तूसुद्धा रोखायची नाही, असा दंडक आहे. त्याला अपवाद ठेवला आहे तो पोलिसी एक्सप्लोररांचा: योग्य संरक्षक साधनं असतील तर पोलीस खात्याच्या नेहमीच्या प्रशिक्षणाप्रमाणे त्यांना सराव करता येतो. एकाच संघटनेत एका मुलाला जे सक्त मना, ते दुसऱ्याला गणवेश चढवल्यावर मुभा, हे सहज पटण्यासारखं नाही.

मे 2009 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल या सीमेवरच्या गावातल्या एक्सप्लोररांवर मोठा वृत्तांत छापला तेव्हा हा वाद प्रथम देशभर गेला. प्रसंग होता इराक युद्धावरून परतलेल्या, बिथरलेल्या सैनिकाच्या गोळीबाराचा. सीमा सुरक्षा दलाचा एक प्रशिक्षक मुलांना सांगत होता की संशयिताला पालथा पाडा आणि पाठीत गुडघा रोवा, म्हणजे तो गप्प होतो. अ‍ॅरिझोनातल्या एका स्पर्धेत अतिरेक्याची भूमिका करणाऱ्याला अरबी पोशाख घातला होता, हेही त्यात आलं. 11 सप्टेंबर 2001 नंतर या प्रसंगांचा तोल कुठे झुकला होता, त्याची ही नोंद आहे. आणखी अकरा वर्षांनी, 25 मे 2020 ला, मिनियापोलिसच्या रस्त्यावर जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर एक गुडघा नऊ मिनिटांहून अधिक काळ राहिला. त्या वेळी तिथे असलेल्या पोलिसांपैकी दोघे नोकरीत अगदी नवखे होते. त्यांतल्या एकानं ‘याला कुशीवर वळवायचं का’ असं दोनदा विचारलं. वरिष्ठानं नाही म्हटलं आणि प्रश्न तिथेच विरला.

म्हणजे अजून एक प्रसंग स्पर्धेत हवाच. आपला जोडीदार, आपला वरिष्ठ चुकतोय आणि त्याला हात धरून थांबवायचं आहे. ही गोष्ट शिकवता येते. न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी 2016 पासून सहकाऱ्याला रोखण्याचं प्रशिक्षण चालवलं. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी वरिष्ठाला नकार देण्याचा सराव दुसऱ्याच एका कारणासाठी महत्त्वाचा आहे.

मे 2024 मध्ये ‘द मार्शल प्रोजेक्ट’ या न्यायव्यवस्थेवर लिहिणाऱ्या वृत्तसंस्थेनं एक्सप्लोरर उपक्रमाचं पन्नास वर्षांचं रेकॉर्ड तपासलं. 1974 पासून किमान 194 आरोप त्यांना सापडले: पोलिसांनी या मुलांना जाळ्यात ओढल्याचे, लैंगिक अत्याचार केल्याचे, अनुचित वागल्याचे. बहुतेक जणी किशोरवयीन मुली. रात्रीच्या गस्तीत मुलीला शेजारी बसवून एकटा अधिकारी फिरतो, ही या उपक्रमाची सर्वांत आकर्षक आणि सर्वांत धोक्याची जागा. लॉस एंजेलिस पोलीस या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस स्काउटांपासून वेगळे झाले, कारण समलिंगी आणि नास्तिक मुलांना तिथे मज्जाव होता. त्यांनी स्वतःची कॅडेट योजना काढली. जून 2017 मध्ये तिथल्या कॅडेटांनी खात्याच्या तीन गाड्या पळवल्या आणि रस्त्यावर पाठलाग होऊन टकरी झाल्या. तपासात एका अधिकाऱ्याला पंधरा वर्षांच्या कॅडेट मुलीशी लैंगिक संबंध ठेवल्याच्या आरोपावरून अटक झाली. अंगझडतीच्या प्रसंगात मुलींना संशयिताचे हात कसे पकडायचे हे शिकवणाऱ्या उपक्रमानं, गाडीत शेजारी बसलेल्या साहेबाला ‘नाही’ कसं म्हणायचं आणि घरी जाऊन कुणाला सांगायचं, हे शिकवलं नाही. गुणपत्रिकेतला हा सर्वांत मोठा कोरा रकाना.

तरी या पद्धतीलाच मोडीत काढावं, असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. प्रसंगातून शिकणं फळतं, फक्त प्रसंग कुठला हे बघावं लागतं. अमेरिकेतल्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या एका संशोधन मंचानं 2016 मध्ये ‘आयकॅट’ हा अभ्यासक्रम आणला. बंदूक नसलेल्या, पण सुरी-दांडका घेतलेल्या किंवा भान हरपलेल्या माणसाला अंतर, वेळ आणि बोलणं यांच्या आधारानं कसं सांभाळायचं, हे त्यात प्रसंग रचून शिकवतात. लुईव्हिल शहरात सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचा परिणाम मोजला. बळाच्या वापराच्या घटना 28 टक्क्यांनी घटल्या, नागरिकांच्या जखमा 26 टक्क्यांनी, आणि पोलिसांच्या जखमा तर 36 टक्क्यांनी. पोलीस वाचले आणि माणसंही वाचली.

ब्रिटननं वेगळी वाट धरली. तिथले ‘व्हॉलंटिअर पोलीस कॅडेट’ 13 ते 17 वयाचे. चारातलं एक मूल तरी गुन्हेगारीच्या किंवा वंचितपणाच्या सावटाखालच्या घरातलं असावं, असं धोरणच आहे. त्यांचा गाजलेला ‘प्रसंग’ खोटा नसतो. कॅडेट दुकानात जाऊन सुरी मागतो. दुकानदार वय विचारतो की नाही, हे बाहेर उभा पोलीस टिपतो. मूल हत्यार चालवायला शिकत नाही, हत्यार किती सहज मिळतं हे शहराला दाखवून देतं.

भारतात या वाटेवर पहिलं मोठं पाऊल केरळनं टाकलं. 2 ऑगस्ट 2010 ला 127 शाळांत ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ योजना सुरू झाली, पोलीस अधिकारी पी. विजयन यांच्या पुढाकारानं. आठवी-नववीची मुलं-मुली, सकाळची परेड, कायद्याची ओळख, रस्त्यावरची शिस्त, व्यसनं, पर्यावरण. 21 जुलै 2018 ला गुरुग्रामला ती राष्ट्रीय योजना म्हणून जाहीर झाली आणि महाराष्ट्रातल्या शाळांतही पोचली. त्याआधीपासून आपल्याकडे शाळेसमोर शिटी घेऊन उभी राहणारी आरएसपीची, म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोलची, मुलं आहेतच. या योजनांमध्ये बंदूक नाही, हे त्यांचं भाग्य. पण कवायत, भाषण आणि घोषणांचे फलक यांच्यापुढे त्या फारशा सरकत नाहीत, ही उणीव. पोलिसांनी काय करायचं असतं, हे सांगितलं जातं. करून बघायला मिळत नाही.

मोठ्यांच्या भरतीची गतही तशीच. महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायला धडपडणारी लाखो पोरं पहाटे मैदानावर घाम गाळतात. मुलांसाठी 1600 मीटर धावण्याला 20 गुण, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15, मग 100 गुणांची लेखी परीक्षा. दारात रडत आलेल्या बाईशी तो कसा बोलेल, याला एकही गुण नाही. प्रसंगांच्या स्पर्धा आपल्याकडे होतात त्या नोकरीत आल्यावर: राज्याच्या पोलीस कर्तव्य मेळाव्यात आणि पुढे अखिल भारतीय मेळाव्यात घटनास्थळाचं छायाचित्रण, बोटांचे ठसे, पुरावा उचलणं, घातपातविरोधी तपासणी यांच्या चुरशी लागतात. हे करून घेणारे जाणते अधिकारी जिल्ह्या-जिल्ह्यात आहेत. त्यांतले दोघे-तिघे शनिवारी शाळेत आले तरी पुरेल.

प्रसंग अमेरिकेतून आणायची गरज नाही. आजोबांना व्हिडिओ कॉल आलाय. पलीकडे खाकी गणवेशातला माणूस म्हणतो, तुमच्या आधारवर सिमकार्ड घेऊन गुन्हा झालाय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कुणाला सांगाल तर तुरुंगात जाल. आजोबा घामाघूम. नववीतली नात शाळेतून येते. ती आरडाओरडा करेल तर आजोबा तिलाच गप्प बसवतील, फोन हिसकावला तर बिथरतील. तिनं शेजारी बसायचंय, पाण्याचा पेला पुढे करायचाय, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहायचंय की अशी अटक कायद्यात नाही, आणि त्यांच्याच बोटानं फोन बंद करवून घ्यायचाय. मग पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर मदतक्रमांकाला कळवायचंय. न्यूयॉर्कच्या त्या बोलणी करणाऱ्या पथकाचं सगळं शहाणपण या एका प्रसंगात वापरता येतं: शेजारी बसून चिठ्ठी सरकवणं, घाई न करणं, ‘का उचलला फोन?’ असं न विचारणं. पोलीस काका पलीकडच्या खोलीतून तोतयाची भूमिका करतील आणि शिक्षक गुण मांडतील.

दुसरा प्रसंग शाळेजवळच्या वळणावर पडलेल्या मोटरसायकलस्वाराचा. जमलेले लोक म्हणतात, हात लावू नका, पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल. मुलांनी सांगायचं की 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम 134-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. मग एकानं 108 ला ठिकाण नीट सांगायचं, दुसऱ्यानं रक्त दाबून धरायचं, तिसऱ्यानं येणारी वाहनं थांबवायची. तिसरा प्रसंग ओळखीच्याच मोठ्या माणसाचा, जो मुलीला एकटीला थांबवून घेतो. त्यात तिनं ‘नाही’ म्हणायचं, निघून यायचं, आईला किंवा बाईंना सांगायचं, आणि कुणी ऐकलं नाही तर मुलांसाठीचा 1098 हा मदतक्रमांक फिरवायचा. हा प्रसंग शिकवताना खोलीत दोन मोठी माणसं असलीच पाहिजेत, त्यांतली एक बाई, आणि दार उघडं. गणवेशातल्या माणसालाही यातून सूट नाही.

या तिन्हींसाठी खर्च नाही. एक फोन, एक पट्टी-कापसाची पेटी, पटांगणाचा कोपरा आणि एक पानी गुणपत्रिका. त्या गुणपत्रिकेवर ऐकून घेण्याला, वेळ मिळवण्याला, मदत बोलावण्याला आणि चुकणाऱ्याला थांबवण्याला निम्म्याहून अधिक गुण ठेवावेत, आणि ‘घरात मूल आहे का’ हा रकाना सर्वांत वर घ्यावा. ज्या शाळांत स्टुडंट पोलीस कॅडेटची किंवा आरएसपीची तुकडी आहे, त्यांच्या मुख्याध्यापकांनी जवळच्या पोलीस ठाण्याला पत्र लिहून या वर्षाचा एक शनिवार एवढ्यासाठी मागून घ्यावा.